संशयाची वाटणी

खुनी कोण, हे मी या लेखात सांगणार नाही. आधीच स्पष्ट केलेलं बरं. या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक लेखक शेवटच्या पानावर एक खुनी पकडून आणतात, आणि माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

प्रकरण अमेरिकेतलं. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फॉल रिव्हर, कापडगिरण्यांचं शहर. ४ ऑगस्ट १८९२ च्या सकाळी तिथं अँड्र्यू बॉर्डन आणि त्याची दुसरी बायको ॲबी यांना राहत्या घरात कुऱ्हाडीनं तोडलं. आधी बायकोला, तासा-दीड तासानं नवऱ्याला. बॉर्डन बँकेचा अध्यक्ष, गिरण्यांचा संचालक आणि पैशाला चिकट. मागं सुमारे तीन लाख डॉलरची मिळकत. त्या वेळी घरात होत्या दोघीच. धाकटी मुलगी लिझी, वय ३२, आणि मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन, आयर्लंडहून पोटासाठी आलेली. खटला लिझीवर झाला. २० जून १८९३ ला ज्युरीनं तिला निर्दोष सोडलं. पुन्हा कुणावर खटला झाला नाही. तेव्हापासून पुस्तकं, नाटकं, सिनेमे निघताहेतच.

आमच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा एक पोरगा उसळून म्हणाला, "ह्यात कसली आलीय शंका? शेठची पोरगी. इस्टेटीसाठी बाप कापला. लिहून टाका!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं. कारण असं "लिहून टाका" म्हणत आपल्याला किती जणांनी, किती वेळा लिहून टाकलंय!

लिझीविरुद्ध पुरावा नव्हता असं नाही. १८८७ साली बापानं सावत्र आईच्या बहिणीसाठी घराचा हिस्सा घेतला, तेव्हापासून घरात धुसफूस. तेव्हापासून लिझी तिला आई म्हणेना, 'मिसेस बॉर्डन' म्हणू लागली. बाप मेला तेव्हा आपण मागच्या कोठारात होतो, असं तिचं म्हणणं. खुनानंतर तिसऱ्या दिवशी तिनं एक झगा चुलीत जाळला, रंगाचे डाग पडले होते म्हणून. खुनाच्या आदल्या दिवशी ती प्रुसिक ॲसिड मागायला आली होती, असं औषधाच्या दुकानातला माणूस सांगत होता. ही साक्ष कोर्टानं ज्युरीपुढं येऊच दिली नाही. आधीच्या चौकशीतली लिझीची स्वतःची जबानीही वगळली. दुसऱ्या बाजूला, तिच्या अंगावर रक्त सापडलं नाही आणि दांडा तुटलेली जी कुऱ्हाड पोलिसांनी आणली, तीच खुनाची हे सिद्ध झालं नाही. तेव्हा एवढ्यावर फाशी देता येत नाही असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

पण ज्युरीपुढं फक्त हा हिशेब नव्हता. लिझीचा वकील जॉर्ज रॉबिन्सन हा त्या राज्याचा माजी गव्हर्नर. ज्युरीला समजावून सांगणारे न्यायमूर्ती ड्यूई यांना त्यानंच गव्हर्नर असताना खुर्चीवर बसवलेलं. रॉबिन्सनचा मुद्दा थोडक्यात असा: हिला दोषी ठरवायचं तर ही राक्षसीण आहे असं मानावं लागेल, बघा हिच्याकडं, दिसते का तशी? समोर बारा पुरुष. त्यांच्यापुढं चर्चमध्ये पोरांना धर्म शिकवणारी, बँकेच्या अध्यक्षाची मुलगी. त्यांनी बघितलं, आणि सुमारे दीड तासात सोडून दिलं.

म्हणजे शंकेचा फायदा कायद्यानं मिळालाच. तो मिळायलाच हवा होता. पण चेहऱ्यानं, घराण्यानं आणि कपड्यानं तो दुप्पट झाला.

आता उरलेला संशय कुठं गेला ते बघा. तो हवेत विरत नाही. उतारानं खाली वाहतो. खटला उभा राहण्याच्या आठवडाभर आधी त्याच गावात बर्था मँचेस्टर नावाच्या तरुणीचा कुऱ्हाडीनं खून झाला. पकडला गेला एक पोर्तुगीज शेतमजूर. लगेच गावाला हायसं वाटलं: बघा, बॉर्डनलाही अशाच कुणी परक्यानं मारलं असणार! तो मजूर बॉर्डनच्या खुनाच्या वेळी अमेरिकेत आलेलाच नव्हता, हे मागाहून कळलं.

आणि ब्रिजेट? तिचं तर नावसुद्धा राहिलं नाही. लिझी आणि तिची बहीण तिला 'मॅगी' म्हणत, कारण आधीच्या मोलकरणीचं नाव मॅगी होतं. नाव पगाराबरोबर चिकटलेलं. आपल्या मुंबईत नाही का, कोकणातून आलेला प्रत्येक घरगडी 'रामा'!

एडवर्ड रॅडिन या लेखकाचं लिझीवरचं पुस्तक १९६१ साली आलं. आधी १९२४ साली एडमंड पिअर्सननं लिझीलाच खुनी धरून लिहिलं होतं. पिअर्सननं तिच्या बाजूच्या साक्षी गाळल्या, हे रॅडिन दाखवून देतो. इथवर त्याला शंभर गुण. पण मग त्यालाही खुनी हवा असतो, आणि तो ब्रिजेटला उभी करतो. कारण काय? त्या सकाळी तिला उलट्या होत होत्या, तरी मालकिणीनं सगळ्या खिडक्या धुवायला लावल्या, म्हणून तिचं डोकं फिरलं!

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. तीन लाख डॉलरचं कारण पुरेसं नाही, आणि खिडक्या धुण्याचं पुरेसं? लिझीसाठी हा माणूस एकेक साक्ष तराजूत तोलतो. मोलकरणीसाठी नुसता अंदाज चालतो. तिचे कष्टच तिच्याविरुद्धचा पुरावा होतात. ब्रिजेट १९४८ साली माँटाना राज्यात वारली. पुस्तकाला उत्तर द्यायला ती नव्हती.

माझी माय दोन बंगल्यांत धुणंभांडी करायची. एका घरातली चांदीची वाटी दिसेना. घरात पाच माणसं, वर दोन पाहुणे. झडती एकट्या मायच्या पिशवीची. संध्याकाळी वाटी देवघरातच सापडली. माफी कुणी मागितली नाही. चहा दिला, वेगळ्या कपात.

तेव्हा रॅडिनची चूक मला परकी वाटत नाही. रॉबिन्सनचा मुद्दा तर आपल्या कोर्टांतही बोलला गेलाय. तमिळनाडूत किलवेनमनीला २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलितांना, बहुतेक बायका-पोरांना, झोपडीत कोंडून जाळलं. खालच्या कोर्टानं जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास हायकोर्टानं १९७३ साली सोडलं. तिथं मांडलेलं कारण ऐका: एवढे मोठे जमीनधारक, एकाकडं तर मोटार, ते स्वतः पायी चालत येऊन आग लावतील यावर विश्वास बसत नाही; असले लोक नोकरांना पाठवतील. मोटार हाच निर्दोषपणाचा दाखला! १९९५ साली जयपूरच्या कोर्टानं भंवरीदेवीच्या प्रकरणात वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर बलात्कार करणार नाहीत, अशा अर्थाचं म्हटलं. शब्द वेगळे, पण तेच: बघा, दिसतात का तसे?

मग आपण काय करायचं? उलटा न्याय? मालकीण आहे म्हणून लिझीला लटकवायचं? मला ते मान्य नाही. पुराव्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू नका, हे आपल्याला बुद्धानं शिकवलंय. ते शेठच्या पोरीलाही लागू आहे. आपल्या कथाकवितांतला वाड्यावरचा माणूस केवळ वाड्यावरचा म्हणून खुनी ठरत असेल, तर आपण पिअर्सनच झालो. शंकेचा फायदा ही कुणा मोठ्याची मेहेरबानी नाही. तो हक्क आहे, आणि पाणवठ्यासारखा सगळ्यांना खुला हवा. आपलं भांडण लिझीला तो मिळाला म्हणून नाही, ब्रिजेटला नाकारला म्हणून आहे.

पुढच्या बैठकीला त्या पोराला मी दोघींच्या जबान्या शेजारी-शेजारी ठेवून वाचायला सांगणार आहे. वाचून झाल्यावर त्याला जे वाटेल ते त्यानं म्हणावं. फक्त एक अट. मोलकरणीचा उल्लेख करताना मॅगी म्हणायचं नाही. ब्रिजेट सलिव्हन म्हणायचं.