विशेषणांपलीकडचे ऐकणे : हौशी पियानोवादकांची घरगुती ध्वनिमुद्रणे

रोलाँ बार्थ हा फ्रेंच समीक्षक हौसेने पियानो वाजवीत असे, ही गोष्ट त्याच्या साहित्यविचाराची चर्चा करताना बहुधा तळटीपेत ढकलली जाते. वस्तुतः हौशी वादनाविषयीचे त्याचे चिंतन त्याच्या एकूण विचाराच्या गाभ्याशी निगडित आहे. १९७० मधील ‘मुझिका प्राक्टिका’ या निबंधात त्याने ऐकण्याचे संगीत आणि वाजविण्याचे संगीत असा भेद केला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मपर पुस्तकातील एका छोट्या टिपणात तो याहून पुढे जातो. स्वतःचे वादन तो ध्वनिमुद्रित करतो. आरंभी स्वतःला ऐकण्याचे केवळ कुतूहल असते. परंतु लवकरच ‘स्वतः’ ऐकू येईनासा होतो आणि बाख व शूमान यांचे संगीत तेवढे उरते. उलट होरोवित्झ किंवा रिक्टर यांना ऐकताना त्याच्या मनात विशेषणांची गर्दी होते. वादक ऐकू येतो, रचना मागे सरते.

हे विधान प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटते. स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या बहुतेक हौशी वादकांचा पहिला अनुभव संकोचाचा असतो. वाजविताना स्थिर भासलेली लय डळमळताना दिसते, डाव्या हाताखाली मुख्य सुरावट दबून जाते. मात्र बार्थच्या विधानाचा रोख वादनाच्या गुणवत्तेकडे नाही. स्वतःच्या हातून निघालेल्या स्वराला विशेषण लावता येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. घरगुती ध्वनिमुद्रणांच्या देवाणघेवाणीचा विचार करताना हा मुद्दा कळीचा ठरतो, कारण ते मुद्रण दुसऱ्याच्या कानी पडताच पहिली परत येतात ती विशेषणेच.

अमेरिकन संगीतकार जॉन फिलिप सूझा याने १९०६ साली यांत्रिक संगीताविरुद्ध एक प्रसिद्ध लेख लिहिला. संगीत यंत्रातून आयते मिळू लागले, की घरात वाद्य शिकण्याचे कष्ट कोणी घेणार नाही, ही त्याची भीती होती. ती अर्धी खरी ठरली. दिवाणखान्यातील पियानोची जागा पुष्कळ ठिकाणी ग्रामोफोनने आणि रेडिओने घेतली. परंतु ध्वनिमुद्रणाचे यंत्र एक दिवस हौशी वादकाच्याच हाती येईल, प्रथम टेपरेकॉर्डरच्या आणि पुढे मोबाइलच्या रूपाने, ही शक्यता सूझाच्या दृष्टिपथात नव्हती.

यंत्र हाती आले, पण त्यासोबत एक निर्दय मापदंडही घरात आला. ग्लेन गूल्डने १९६४ साली जाहीर मैफली सोडल्या आणि स्टुडिओत वेगवेगळ्या वेळी वाजविलेले तुकडे जोडून रचना सिद्ध करणे हा कलेचाच भाग मानला. गूल्डने निदान ते उघडपणे सांगितले. होरोवित्झचे उदाहरण अधिक बोलके आहे. बारा वर्षांच्या खंडानंतर ९ मे १९६५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या त्याच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा तिच्यातील काही चुकीचे स्वर दुरुस्त केलेले होते. मूळ, असंपादित मुद्रण बाजारात यायला २००३ साल उजाडले. ज्या निर्दोषतेशी हौशी वादक स्वतःची तुलना करतो, ती पुष्कळदा एका बैठकीत कोणीच वाजविलेली नसते. घरगुती मुद्रणात मात्र खुर्चीची कुरकुर असते आणि चुकलेल्या जागी क्षणभर थबकलेला हातही ऐकू येतो.

अशा मुद्रणाचा योग्य श्रोता कोण? भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर ‘सहृदय’ या संकल्पनेतून दिले आहे. अभिनवगुप्ताचा सहृदय केवळ कोमल अंतःकरणाचा रसिक नाही. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने त्याचे मन आरशासारखे स्वच्छ झालेले असते. अभ्यास हा त्या व्याख्येचा अविभाज्य घटक आहे. तीच रचना स्वतःच्या बोटांनी घोटलेला दुसरा हौशी वादक हा या अर्थाने सहृदय होय. त्याच्या कानाइतकेच त्याचे हातही ऐकत असतात.

शूमानच्या ‘किंडरझेनेन’ (१८३८) या तेरा छोट्या रचनांच्या संचातील ‘ट्रॉयमेराय’ ही अवघ्या चोवीस बारची रचना येथे पाहता येईल. (हा संच मुलांनी वाजविण्यासाठी नसून प्रौढाने केलेले बालपणाचे स्मरण आहे, हे शूमानने स्वतः स्पष्ट केले होते, तरीही तो ‘सोपा’ समजला जातो.) सामान्य श्रोत्याला येथे एक संथ सुरावट ऐकू येते. वाजविणाऱ्याला ठाऊक असते, की वरच्या सुरावटीखाली इतर स्वररेषा स्वतंत्रपणे चालत असतात आणि त्या सांभाळताना बोटे ताणली जातात. शेवटाकडे सूर चढून थांबतो, तेथे घाई झाली तर आधीचे सारे वाया जाते. ‘फार सुंदर’ हा अभिप्राय या श्रमाला स्पर्शही करीत नाही. ‘या वेळी मधली स्वररेषा ऐकू आली’ हे वाक्य मात्र प्रोत्साहनही आहे आणि समीक्षाही. त्यात विशेषण नाही, हे लक्षणीय होय.

ॲलन रसब्रिजर यांचे ‘प्ले इट अगेन’ (२०१३) हे पुस्तक या संदर्भात वाचण्याजोगे आहे. ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राचे संपादक असताना, विकिलीक्स प्रकरणाच्या धामधुमीत, रोज वीसेक मिनिटे काढून शोपँचा ‘जी मायनर बॅलड’ शिकण्याचा त्यांचा हा वृत्तान्त. ब्रेंडेल, पेरायासारख्या मोठ्या वादकांशी झालेली संभाषणे त्यात आहेत आणि पुस्तकाची ख्याती प्रामुख्याने त्यांवर उभी आहे. परंतु पुस्तकाचे बीज या थोरांत नाही. फ्रान्समधील एका शिबिरात प्रौढ हौशी वादक एकमेकांसमोर वाजवीत असताना त्यांपैकी एकाने तो बॅलड वाजविला आणि रसब्रिजर यांना तो आपल्यालाही शक्य आहे असे वाटले. हा विश्वास ब्रेंडेलच्या ध्वनिमुद्रिकेने दिला नसता.

परस्परांच्या कौतुकाने दर्जा ढासळतो, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही. पेडल न उचलल्यामुळे एक स्वरसंघ दुसऱ्यात मिसळून चिखल होत असेल आणि समानधर्मा श्रोता सौजन्यापोटी ते महिनोन्महिने सांगत नसेल, तर तो त्या वादकाला एकाकीच ठेवतो. तथापि व्यावसायिक समीक्षकाकडे नसलेली एक गोष्ट या श्रोत्याकडे असते : त्याने मागील मुद्रण ऐकलेले असते. तो तुलना करतो ती होरोवित्झशी नव्हे, तर त्याच वादकाच्या गेल्या महिन्यातील वादनाशी. बार्थच्या टिपणात या दुसऱ्या श्रोत्याला जागा नाही. त्याच्या खोलीत पियानो आहे, मुद्रणयंत्र आहे आणि तो स्वतः आहे. दार बंदच आहे.