तीन पानांचा लेख आणि ‘माहीत असणे’

‘मला तसे वाटते’ आणि ‘मला ते माहीत आहे’ या दोन वाक्यांत फरक काय? बोलताना तो आपण सहज करतो. तो कशाच्या आधारावर करतो, असे कोणी विचारले की मात्र अडखळतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात याचे एक रूढ उत्तर आहे. एखादी गोष्ट माहीत आहे असे म्हणायला तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : ती गोष्ट खरी असावी, आपली तशी समजूत असावी, आणि त्या समजुतीला सबळ कारण असावे. थोडक्यात, सकारण सत्य समजूत म्हणजे ज्ञान. अशा व्याख्येची चर्चा थेट प्लेटोच्या संवादांतही आढळते.

1963 साली एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने ‘अॅनालिसिस’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि या तीन अटी पुरेशा नाहीत असे दाखवले. त्या तीन पानांवर नंतर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. येथे आपण मूळ लेखच तपासू.

गेटियरचे पहिले उदाहरण असे. स्मिथ आणि जोन्स या दोघांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. नोकरी जोन्सला मिळणार, असे कंपनीच्या अध्यक्षांनी स्मिथला सांगितले आहे. जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत, हे स्मिथने स्वतः मोजून पाहिले आहे. यावरून तो निष्कर्ष काढतो : ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात, त्याच्या नकळत, दहाच नाणी असतात! निष्कर्ष खरा ठरला, स्मिथची तशी समजूत होती, कारणही होते. पण स्मिथला ते ‘माहीत होते’ असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

उदाहरण ओढूनताणून आणलेले वाटते, आणि ते तसे आहेच. पण सर्वसाधारण विधान मोडायला एक प्रतिउदाहरण पुरते, हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. लेखाचे मोठे गुण दोन. त्यात एकही अवघड शब्द नाही. आणि आपले म्हणणे सिद्ध झाल्यावर लेखक थांबतो, नवी व्याख्या वाचकाच्या माथी मारत नाही.

लेखाबद्दल आमच्या तक्रारीही आहेत. कल्पना अगदी नवी नव्हती, ही तक्रार किरकोळ. बर्ट्रांड रसेल यांनी 1948 सालीच बंद घड्याळाचे उदाहरण दिले होते : बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहून कोणी वेळ सांगितली आणि ती योगायोगाने बरोबर निघाली. त्याआधी कितीतरी शतके, म्हणजे आठव्या शतकात, धर्मोत्तर या बौद्ध तर्कपंडिताने असेच उदाहरण दिले होते. मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही. पण मांसावर जमलेला किड्यांचा थवा दुरून पाहणाऱ्याला धुरासारखा दिसतो. ‘तेथे विस्तव आहे’ असे तो म्हणतो. विस्तव तर आहेच!

आमची मुख्य तक्रार वेगळी आहे. गेटियर सुरुवातीलाच एक गोष्ट गृहीत धरतो : कारण सबळ असूनही समजूत खोटी असू शकते. ‘नोकरी जोन्सला मिळणार’ ही समजूत अशीच खोटी होती. हे गृहीत कसे तपासायचे, ते भाषेवरही अवलंबून आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत ‘ज्ञान’ खरे असते तसे खोटेही असते. दोरीवर भासलेला साप हेही ज्ञानच, पण अयथार्थ. खऱ्या ज्ञानाला शब्द आहे ‘प्रमा’. आणि धुके पाहून धूर समजणाऱ्याचा हेतू मुळात हेतूच नव्हे, तो हेत्वाभास. म्हणजे येथे ‘कारण सबळ, पण निष्कर्ष योगायोगाने खरा’ असे म्हणण्याआधी कारणाचीच झडती घेतली जाते. एवढ्याने प्रश्न सुटला असे नव्हे. पण तो निष्कर्षाकडून कारणाकडे सरकला, आणि तेच योग्य ठिकाण आहे.

दुसरी उणीव विज्ञानात काम करणाऱ्यांना विशेष जाणवते. स्मिथ एकटा आहे आणि तो एकदाच विचार करतो. विज्ञानात कारणे पुन्हा पुन्हा तपासली जातात. नेपच्यूनचेच पाहा. युरेनसची गती गणिताशी जुळेना, म्हणून पॅरिसच्या ल व्हेरिए यांनी पलीकडच्या अज्ञात ग्रहाची जागा काढली, आणि 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या जागेपासून एक अंशाच्या आत ग्रह सापडला. पण ल व्हेरिए यांनी काढलेली कक्षा चुकीची होती. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 36 पट अंतर त्यांनी धरले होते. खरे अंतर सुमारे 30 पट आहे. हा शोध म्हणजे सुदैवी योगायोग, असे बेंजामिन पियर्स या अमेरिकन गणितज्ञाने म्हटले.

मग नेपच्यूनची जागा ल व्हेरिए यांना ‘माहीत होती’ का? कारण उलगडून पाहिले तर उत्तर मिळते. 1822 च्या सुमारास युरेनस नेपच्यूनला मागे टाकून पुढे गेला. त्या काळात ओढीचा परिणाम ठळक होता, आणि त्यावरून ग्रहाची दिशा अंतर चुकले तरी बऱ्यापैकी ठरत होती. म्हणजे दिशा माहीत होती, कक्षा नव्हती. हीच युक्ती त्यांनी 1859 साली बुधाच्या गतीसाठी वापरली आणि सूर्याजवळ आणखी द्रव्य, एखादा ग्रह, असावा असे सुचवले. तो ग्रह कधीच सापडला नाही. कोडे सुटले ते 1915 साली, आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने. युक्तिवाद तोच, पण एकदा तरला, एकदा बुडाला.

वर्गात याचा उपयोग काय? एखादा मुलगा 16 छेद 64 या अपूर्णांकात वरचा 6 आणि खालचा 6 खोडतो आणि 1 छेद 4 असे लिहितो. उत्तर बरोबर! केवळ उत्तर तपासले तर पूर्ण गुण. पण त्याला 12 छेद 24 दिले तर त्याच रीतीने तो पुन्हा 1 छेद 4 लिहील आणि कारण उघडे पडेल. त्याला रागावण्याचे कारण नाही. तुझी रीत आणखी कुठे चालते ते पाहा, एवढेच सांगावे.

गेटियरचा लेख वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांबरोबर जरूर वाचावा. मात्र ‘स्मिथला माहीत होते का?’ यावर हात वर करायला लावून थांबू नये. त्याचे कारण नेमके कोणत्या पायरीवर घसरले, आणि ते त्याला वेळीच कसे कळले असते, हे विद्यार्थ्यांनी शोधावे. परीक्षेतही उत्तराइतकेच गुण कारणाला ठेवता येतील. तपासायला वेळ जास्त लागेल हे खरे. पण मुलांना काय माहीत आहे हे कळण्याचा याहून जवळचा मार्ग आम्हाला तरी दिसत नाही.