घरगुती सीएनसी : स्वस्त नेमके काय झाले?

संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कापणारे यंत्र काही हजार रुपयांत घरी येईल, असे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणी म्हटले असते तर कारखान्यातल्या फिटरने ते हसण्यावारी नेले असते. आज अशी यंत्रे टपालाने घरपोच येतात. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी २०१६ पासून शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची योजना आली, तेव्हापासून 'धातूचे भाग करायला स्वस्तातले कोणते सीएनसी घ्यावे?' हा प्रश्न शिक्षकांच्या गप्पांतही येऊ लागला. या यंत्रांच्या जाहिरातींत हमखास एक दावा असतो : लाकूड, ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियम कापते, अचूकता मिलिमीटरच्या शतांशाची. या दाव्याची परीक्षा आम्ही येथे करणार आहोत.

आधी थोडा इतिहास. आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आले. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार बिनचूक मिळावेत यासाठी जॉन पार्सन्स यांनी मांडलेली कल्पना त्यामागे होती. मात्र संस्थेने यंत्र मुळापासून बनवले नाही. सिनसिनाटीच्या कारखान्यातले, बिडाचे, भक्कम मिलिंग यंत्र घेतले आणि त्याला नियंत्रण जोडले. यंत्र आधीच ताठ होते. अवघड आणि महाग होते ते निर्वात नळ्यांचे नियंत्रण.

आज नेमके उलटे झाले आहे. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये 'जीआरबीएल' ही मोफत आज्ञावली तयार केली. ती आर्डुइनोच्या तळहाताएवढ्या पाटीवर चालते आणि तीन मोटारींना तालात फिरवते. नियंत्रण असे कवडीमोल झाले, पण बीड आणि पोलाद झाले नाही. घरगुती सीएनसीच्या सगळ्या गमतीचे आणि सगळ्या निराशेचे मूळ या एका वाक्यात आहे.

सर्वांत जास्त दिसणाऱ्या '३०१८' या यंत्राचे उदाहरण घेऊ. ३० सेंटिमीटर गुणिले १८ सेंटिमीटर एवढे कामाचे क्षेत्र, म्हणून हे नाव. सांगाडा ॲल्युमिनियमच्या खाचदार पट्ट्यांचा, सरकभाग गोल दांड्यांवर चालणारे. मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. नियंत्रण प्रत्येक पावलाचे १६ भाग करते. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकतो. म्हणजे मिलिमीटरमागे २०० × १६ ÷ ४ = ८०० भाग. एक भाग झाला ०.००१२५ मिमी. जाहिरातीतल्या आकड्याचा उगम अशा हिशेबात असतो. पण हा आज्ञेचा बारीकपणा आहे, यंत्राची अचूकता नव्हे. फूटपट्टीवर कितीही बारीक रेघा मारल्या, तरी पट्टीच रबराची असेल तर त्या रेघांचा उपयोग काय?

हे रबर किती, तेही काढता येते. समजा, १० मिमी व्यासाच्या दोन पोलादी दांड्या ३०० मिमी अंतरावरच्या दोन टोकांवर नुसत्या टेकवल्या आहेत आणि मध्यभागी कटरचा २० न्यूटन, म्हणजे सुमारे दोन किलोच्या वजनाइतका, जोर येतो. तुळईच्या नेहमीच्या सूत्राने मध्यभागाचा वाक सुमारे ०.०६ मिमी येतो. वर काढलेल्या एका भागाच्या हा ४५ पट आहे! टोके घट्ट आवळली की वाक कमी होतो. उलट कटर दांड्यांच्या खाली लोंबत असल्याने पीळ पडतो, तो वेगळाच. हेच सूत्र उपायही सांगते. व्यास दुप्पट केला तर वाक सोळावा हिस्सा, आणि अंतर निम्मे केले तर आठवा हिस्सा. चांगले यंत्र जड आणि आखूड का असते, हे अकरावी-बारावीचा विद्यार्थी यावरून स्वतः पडताळू शकेल.

दुसरा मुद्दा वेगाचा. ३ मिमीचा कटर मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर त्याच्या धारेचा वेग मिनिटाला सुमारे ९४ मीटर होतो. ॲल्युमिनियमला तो चालतो. साध्या पोलादासाठी मात्र हायस्पीड स्टीलच्या कटरला २५ ते ३० मीटरच मानवतात. त्यापुढे धार जळते. कार्बाइडचा कटर उष्णता सोसतो, पण तो ठिसूळ असल्याने यंत्राची थरथर सोसत नाही.

यंत्र थरथरते म्हणून आपण सरकवेग कमी करतो. तेथे तिसरी अडचण उभी राहते. दोन धारांच्या कटरने १०,००० फेऱ्यांना मिनिटात ६० मिमीच अंतर काटले, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००३ मिमी धातू येतो. धारेला स्वतःचीच थोडी गोलाई असते. इतका पातळ थर ती कापत नाही, घासते. मग कटर तापतो, ॲल्युमिनियम त्याला चिकटते आणि कटर तुटतो. 'हळू चालवले तरी कटर तुटतो' या तक्रारीचे एक कारण बहुधा हेच असते.

यावरून ३०१८ टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. लाकूड, मेण, ॲक्रिलिक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या ते उत्तम कोरते. निर्देशक भूमिती डोळ्यांसमोर हलताना दाखवणारे यापेक्षा स्वस्त साधन मिळणे कठीण. अगदी पातळ थर घेत ॲल्युमिनियमवर अक्षरेही कोरता येतील. मात्र धातूचे एकमेकांत बसणारे भाग त्याच्याकडून मागू नयेत.

तसे भाग हवे असतील तर दोन वाटा आहेत. पहिली, शांघायच्या सीगच्या 'एक्स-२' जातीचे छोटे बिडाचे मिलिंग यंत्र घेऊन त्याला मोटारी जोडणे. येथे वजन आणि डव्हटेलचे सरकमार्ग आयते मिळतात. पण स्तंभ तिरपा करता यावा म्हणून तो एकाच मोठ्या नटावर आवळलेला असतो, आणि तोच कच्चा दुवा आहे. शिवाय मोटारी जोडण्याचे काम फावल्या वेळातले नव्हे. बॉलस्क्रू बसवायला आधी दुसरे यंत्र लागते. दुसरी वाट म्हणजे कॅलिफोर्नियातील शेरलाइनसारखे, मुळातच धातूसाठी आखलेले छोटे यंत्र. त्याचे फेरे मिनिटाला ७० ते २८०० असतात. २८०० फेऱ्यांना ३ मिमीचा कटर मिनिटाला सुमारे २६ मीटर वेग देतो. पोलादाला हवा तेवढाच! त्याची मर्यादा आकाराची आणि, आयातीमुळे, किमतीची.

घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे एक चाचणी मागावी. यंत्राच्या बेडवर चुंबकी स्टँडने डायल गेज लावावा, स्पिंडलला ताणकाटा अडकवावा आणि २० न्यूटन जोराने ओढावे. काटा किती सरकला? जोर सोडल्यावर शून्यावर परतला का? मग सरकभाग एका दिशेने १ मिमी नेऊन तेवढाच परत आणावा; जी तूट दिसेल ती स्क्रू आणि नटमधली ढिलाई. अशी ढिलाई असेल तर वर्तुळ कापताना ते चार ठिकाणी चपटे होते. या दोन आकड्यांपुढे माहितीपत्रकातल्या पानभर आकड्यांची मातब्बरी नाही. व्हाइस, कोलेट, कटर आणि गॉगल यांचा खर्चही आधीच धरावा. फिरत्या कटरजवळ हातमोजे कधीही घालू नयेत.

आणि वर्षाकाठी दोन-चारच भाग हवे असतील, तर यंत्र घेऊच नये. रेखाचित्र नीट काढून जवळच्या आयटीआयमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये जावे.

आम्ही इतक्या बारकाईने लिहितो ते केवळ पैशांसाठी नाही. चौथा कटर तुटल्यावर मूल 'यंत्र मऊ आहे' असे म्हणत नाही. 'मला जमत नाही' असे म्हणते. पुढे त्या यंत्रावर आच्छादन पडते आणि मुलाच्या उत्साहावरही. यंत्र कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले, आणि वाकाचा तो हिशेब त्यांच्याकडूनच करून घेतला, तर तुटलेला कटरसुद्धा धडा होईल.