किलोवर विकलेलं गाणं

गाणं किलोवर मिळतं का? मॉस्कोहून चालणारं ऑलऑफएमपीथ्री हे संकेतस्थळ ते जवळजवळ तसंच विकत होतं. किंमत गाण्याला नव्हती, मेगाबाइटला होती. आवाज चांगला हवा, तर फाइल मोठी, पैसे जास्त. तरी आयट्यून्सच्या 99 सेंटांपुढे ही चिल्लरच!

याला चोरी म्हणून आम्हांला मोकळं होता येत नाही. रोम्स या रशियन संस्थेचा परवाना आपल्याकडे आहे, आणि तिथल्या कायद्यानुसार हक्कधारकाच्या संमतीची गरज नाही, असं ते सांगत. रेकॉर्ड कंपन्या रोम्सला मानायलाच तयार नव्हत्या. आमच्या मते गोम इथेच आहे: व्यवहार कायद्यात बसतो, पण ज्याची वस्तू त्याचा होकार नाही. (आणि हक्क बहुधा कंपनीचा, गायकाचा नव्हे, ही आणखी एक गंमत.)

पण कंपन्यांनी काय केलं? डिसेंबर 2006 मध्ये न्यूयॉर्कला दावा. 1 कोटी 10 लाख गाणी गुणिले दीड लाख डॉलर. करा हिशेब, 1 लाख 65 हजार कोटी डॉलर! होकाराचा प्रश्न या आकड्याखाली गाडला गेला. त्याआधीच अमेरिकेनं रशियाच्या जागतिक व्यापार संघटनेतल्या प्रवेशाच्या वाटाघाटीत हे संकेतस्थळ ओढलं होतं. जुलै 2007 मध्ये ते बंद पडलं. ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या न्यायालयानं ते चालवणाऱ्या कंपनीच्या माजी प्रमुखाला निर्दोष सोडलं, आणि 2008 मध्ये न्यूयॉर्कचा दावाही मागे घेतला गेला. होकाराविना दिलेला परवाना हा परवाना असतो का, हे तिथे तपासलं गेलंच नाही.