हेतू चांगला होता, मग राग का?

एखाद्या समाजाबद्दल बोलताना शब्द चुकला आणि समोरचा दुखावला, की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मग ते पुरत का नाही? आज आपण हे ‘हरिजन’ या शब्दावरून तपासू. कारण तो ज्यांनी रूढ केला त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही.

‘अस्पृश्य’ हा शब्द अपमानाचा, म्हणून गांधीजींनी ‘हरिजन’ स्वीकारला. १९३३ मध्ये याच नावाचं साप्ताहिक पुण्यातून सुरू झालं. अर्थ काय, तर देवाची माणसं. यात शिवी कुठे आहे? अर्थात नाहीच. अडचण आहे ती नाव कोणी ठेवलं यात.

१९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करताना हा शब्द कायद्यात आणायचं ठरलं. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला. ज्यांना हे नाव लागणार, त्यांचेच प्रतिनिधी ‘नको’ म्हणत होते. बहुमताने ते डावललं, आणि ही मंडळी सभात्याग करून बाहेर पडली.

इथे दोन टप्पे आहेत, ते वेगळे ठेवू या. पहिल्यात बोलणाऱ्याला कल्पना नसते. दुसऱ्यात ‘नको’ कानावर आलेलं असतं. अजाणता दुखावणं तिथे संपतं. पुढे तोच शब्द वापरला तर ती निवड झाली. चांगल्या हेतूची सबब पहिल्या टप्प्यापुरतीच.

आता ‘दलित’ घ्या. अर्थ तुडवलेला, भरडलेला. ‘हरिजन’पेक्षा किती कडवट! पण १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ उभी केली ती हाच शब्द अभिमानाने मिरवत. म्हणजे अर्थाच्या गोडव्यावरून मान ठरत नाही. तरी हाही शब्द सगळ्यांना चालेल असं नाही. ‘आम्ही बौद्ध आहोत, दलित म्हणू नका,’ असं सांगणारे आहेत. आणि २०१८ मध्ये केंद्राने वाहिन्यांना ‘दलित’ टाळण्याची सूचना केली, तेव्हा ‘आमचा शब्द काढणारे तुम्ही कोण?’ असं विचारणारेही होते. तेव्हा पाठ करून ठेवावी अशी कायमची यादी मिळणार नाही.

मग चुकल्यावर करायचं काय? कोश उघडून वाद घालू नये. एवढी लांबलचक माफीही मागू नये की दुखावलेल्यालाच आपली समजूत काढावी लागेल. ‘आता काही बोलायची सोयच राहिली नाही’ म्हणून रुसणं तर सर्वांत सोपं, आणि सर्वांत वाईट. कारण त्यात मूळ विषयच बंद पडतो. ‘चुकलं. कोणता शब्द वापरू?’ एवढं पुरे. उत्तर ऐकायचं आणि राहिलेलं वाक्य त्या शब्दाने पूर्ण करायचं. जातीचा उल्लेख मुळात गरजेचा होता का, हेही जाता जाता बघायचं.

२०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच. पण नवी पाटी लावण्याआधी त्या वस्तीला विचारलं का, की तुम्हाला काय म्हणू? प्रश्न १९३८ चाच आहे.