‘द ब्लूएस्ट आय’मधील आई आणि शिस्त

टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) ही पहिली कादंबरी निळ्या डोळ्यांचा ध्यास घेतलेल्या पकोला या अकरा वर्षांच्या काळ्या मुलीची शोकांतिका म्हणून वाचली जाते. हे वाचन चुकीचे नाही. पण अपुरे आहे. ओहायोतील लोरेन गावी १९४०-४१ च्या सुमारास घडणाऱ्या या कथेत काळ्या मुलीला शिक्षा करण्याचा अधिकार कोणाकोणाच्या हाती जातो, याचाही शोध आहे.

या दृष्टीने दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्यात मॅकटीर कुटुंबाच्या घरी राहत असलेल्या पकोलाला प्रथमच ऋतुप्राप्ती होते. मुली काही घाणेरडे चाळे करीत आहेत, असे शेजारची गोरी मुलगी ओरडून सांगते आणि मिसेस मॅकटीर शहानिशा न करता आपल्या मुलीवर छडी चालवितात. काळ्या मुलीच्या देहावरील आरोपाला पुरावा लागत नाही, हे तिच्या आईच्याही अंगवळणी पडले आहे. तथापि खरा प्रकार दिसताच तो हात थांबतो आणि मुलींना जवळ घेतो.

दुसरा प्रसंग पकोलाची आई पॉलीन ज्या गोऱ्या कुटुंबात कामाला आहे, तेथील स्वयंपाकघरातला. पकोलाच्या हातून ब्लूबेरीचा कढत गोड पदार्थ सांडतो. तिचे पाय भाजतात. पॉलीन तिलाच मारते. काळजी करते ती फरशीची आणि समजूत घालते ती रडणाऱ्या गोऱ्या मुलीची. ती मुलगी पॉलीनला ‘पॉली’ म्हणते. पोटची मुलगी मात्र ‘मिसेस ब्रीडलव्ह’ म्हणते. येथे मालकाला हात उचलावा लागत नाही. त्याच्या घराची शिस्त आईच राबविते.

मराठीत ‘वळण’ या शब्दाला जी घरची ऊब आहे, ती ‘शिस्त’ या शब्दाला नाही. दोन मातांमधील भेदही असाच आहे. मात्र तो माराच्या तीव्रतेत नसून ऐकून घेण्यात आहे. पुढे बापाने केलेला अत्याचार पकोला सांगते, तेव्हा पॉलीन तिच्यावर विश्वास ठेवीत नाही.

पकोलाचे अंतरंग बहुतांशी मिटलेलेच राहते. या रचनेविषयी मॉरिसन यांनी स्वतःही पुढे असमाधान व्यक्त केले. परंतु जिचे कोणी ऐकले नाही, ती अखेरीस केवळ कल्पित सखीशी बोलू लागते, हे त्या शिस्तीचेच अपरिहार्य फळ होय. म्हणूनच तिचे मौन हे कादंबरीचे वैगुण्य न ठरता तिचे सर्वांत कठोर विधान ठरते.