कोळसा टाकला, मीठ गेले कुठे?

'जैवकोळसा टाका, मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव वाढतील आणि खारवट जमीन सुधारेल,' असे सर्रास लिहिले जाते. विधानाचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. तुराट्या, पऱ्हाट्या कमी हवेत जाळल्या, की सच्छिद्र कोळसा मिळतो. तो पाणी आणि सोडियमचे काही आयन धरून ठेवतो. मुळांवरचा ताण हलका होतो, ती अधिक स्राव सोडतात आणि त्यावर सूक्ष्मजीव पोसले जातात.

पण सूक्ष्मजीव वाढले म्हणजे जमीन सुधारली काय? कोळशाने मीठ नाहीसे होत नाही; ते धरण्यालाही मर्यादा असते. शिवाय कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. ॲमेझॉन खोऱ्यातील आम्ल मातीत हा गुण ठरला. उमरगा तालुक्यातील मुरुम परिसरासारखी काळी माती मुळातच अल्कधर्मी. तिथे तोच गुण दोष ठरू शकतो.

कुंडीतील निष्कर्ष शेताला लावतानाही जपावे. कुंडीच्या तळाला भोक असते. शेतात काळ्या मातीखाली मुरुमाचा थर असेल, तर मीठ पाण्याबरोबर खाली उतरते. नसेल तर निचऱ्याचे चर खणावे लागतात. चोपण जमिनीत जिप्समही लागते.

वर्गात खारवट मातीच्या चार कुंड्या घ्या: दोन कोळशाच्या, दोन बिनकोळशाच्या. प्रत्येक जोडीतील एकीचे भोक बुजवा. श्रेय कोळशाचे किती आणि भोकाचे किती, हे विद्यार्थीच सांगतील.